सूज आणि बाळसे

सूज आणि बाळसे यांतला फरक ओळखावा, असे आपल्याकडे सांगतात. समीक्षेच्या तासाला मी हा वाक्प्रचार अनेकदा वापरला आहे. कादंबरी पाचशे पानांची झाली म्हणून तिने बाळसे धरले असे होत नाही, असे म्हटले की मुले हसतात आणि वहीत लिहून घेतात. वाक्प्रचार सराईत झाले की त्यांच्या पोटातले शरीर दिसेनासे होते. कुणा आजीने कधी तरी नातवंडाच्या पायावर बोट दाबून पाहिले असेल. बोट उचलल्यावर खळगा भरून येतो की तसाच राहतो, इकडे तिचे लक्ष असेल. आपण मात्र तो शब्दप्रयोग थेट कादंबरीला लावून मोकळे होतो. गेल्या वर्षभरात मला हा वाक्प्रचार पुन्हा त्याच्या मूळ जागी, शरीरावर वाचावा लागला. ते शरीर कोंबडीचे होते.

निमित्त घरातलेच. माझे आजोळ सांगली जिल्ह्यातले. तिथे माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, गेली काही वर्षे करारावर कोंबड्या वाढवतो. कंपनी एक दिवसाची पिल्ले आणून टाकते; खाद्य देते, औषधे देते. शेड, वीज, पाणी, भाताचे तूस आणि दिवसरात्रीची राखण अण्णाची आणि वहिनीची. पिल्लू येते तेव्हा ४०-४५ ग्रॅमचे असते. ३५ ते ४० दिवसांत ते २ किलोच्या आसपास जाते आणि माल उचलला जातो. मग वजन, मरतूक आणि खाल्लेले खाद्य यांचा मेळ घालून किलोमागे मोबदला ठरतो. गेल्या हिवाळ्यात एका कंपनीने त्याच्यापुढे नवा प्रस्ताव ठेवला. दुसरे, मोठे शेड घालायचे आणि पक्षी अधिक दिवस ठेवून ३ किलोच्या पुढे न्यायचा. हॉटेलांना आणि शहरातल्या दुकानांना बिनहाडाचे छातीचे मांस हवे असते, आणि ते मोठ्या पक्ष्यात अधिक निघते. शेडसाठी कर्ज काढावे लागणार होते. अण्णा करारनामा घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तरीणबाई, एवढं मराठी शिकवतीस, मग ह्यातलं मराठी काय म्हणतंय ते सांग बघू."

करारनामा हा साहित्यप्रकार आपण शिकवत नाही, पण शिकवायला हरकत नसावी. तिथे प्रत्येक शब्द कुणाच्या तरी हितासाठी उभा असतो. या मजकुरात कोंबडी हा शब्द एकदाही आलेला नव्हता. पहिल्या कलमात ती 'पक्षी' होती, पिल्लांच्या पुरवठ्याच्या कलमात 'नग' झाली, उचलीच्या कलमात 'माल' झाली आणि हिशेबाच्या कलमात नुसते 'जिवंत वजन' उरली. त्यापुढे एक कलम होते: मालाचा दर्जा प्रक्रियाकेंद्रात तपासला जाईल, उतरत्या दर्जासाठी कपात केली जाईल आणि तो निर्णय उत्पादकावर बंधनकारक राहील. दर्जा म्हणजे काय, याची व्याख्या कुठेच नव्हती. वाढलेल्या कोंबडीचा दर्जा उतरतो म्हणजे नेमके काय होते, हे शोधायला मी त्या एका शब्दामुळे बसले.

पहिल्यांदा हाती लागले ते एक छायाचित्र. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि १९७८ या सालांतल्या कोंबड्यांचे वंश पुढे कोणतीही निवड न करता जपून ठेवलेले आहेत. तिथल्या संशोधकांनी ते दोन वंश आणि २००५ सालची बाजारातली कोंबडी एकाच पद्धतीने, एकाच खाद्यावर वाढवली. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. ५६ व्या दिवशी १९५७ च्या कोंबडीचे वजन भरले ९०५ ग्रॅम, १९७८ च्या कोंबडीचे १८०८ ग्रॅम आणि २००५ च्या कोंबडीचे ४२०२ ग्रॅम. छायाचित्रात तिघी ओळीने उभ्या आहेत, एकाच वयाच्या. आजी, आई आणि नात अशा क्रमाने पाहावे, तर नातीपुढे आजी चिमणीएवढी वाटते. खाद्य सारखेच होते, म्हणजे फरक पडला तो निवडीने, पिढ्यान्‌पिढ्या कोणाला जगवायचे आणि कोणाची वीण पुढे न्यायची या निर्णयाने.

त्या निवडीला एक जन्मतिथीही देता येते. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' या नावाची एक स्पर्धा झाली. ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीने तिला पैसा पुरवला होता. तोवर कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी. मांस हे दुय्यम. स्पर्धेला हवी होती ती रुंद छातीची, भरल्या अंगाची, झटपट वाढणारी कोंबडी. १९४८ साली डेलावेअर राज्यात अंतिम फेरी झाली आणि कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या संकरित कोंबड्यांनी ती जिंकली. १९५१ च्या पुढच्या स्पर्धेतही तेच पहिले आले. त्यांचे आडनाव आजही 'कॉब-व्हँट्रेस' या पैदास कंपनीच्या नावात आहे. जगभरच्या मांसल कोंबड्यांची मूळ पैदास आज अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटली आहे. त्यामुळे सांगलीच्या शेडमध्ये चिवचिवणारे पिल्लू आणि डेलावेअरची ती स्पर्धा यांच्यातले अंतर वाटते तेवढे लांबचे नाही.

या वाढीचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५७ ते २००५ या काळात एक किलो वजनासाठी लागणारे खाद्य निम्म्यावर आले. आमच्या लहानपणी कोंबडी कापायची ती पाहुणा आला तर, किंवा यात्रेला. आज मजुराच्या घरीही रविवारी ती शिजते. प्रथिने स्वस्त झाली, आणि अण्णासारख्या दोन एकरवाल्याला ऊस आणि पाऊस यांखेरीज तिसरा आधार मिळाला. प्रश्न एवढाच, की हे सगळे वजन ज्या अंगावर चढले त्या अंगाचे काय झाले.

स्नायू वाढतो म्हणजे काय होते, हे मला ठाऊक नव्हते. कोंबडीच्या स्नायूतील तंतूंची संख्या ती अंड्यातून बाहेर पडते त्या सुमारास ठरून गेलेली असते. पुढची वाढ म्हणजे तेच तंतू जाड होत जाणे. तंतू जाड झाले की त्यांच्यामधल्या केशवाहिन्या एकमेकींपासून दूर पडतात. प्राणवायू आत पोहोचायला उशीर होतो, टाकाऊ द्रव्ये बाहेर पडायला उशीर होतो. सावकाश वाढणाऱ्या अंगात ही रसद जमवून घ्यायला सवड असते. सहा आठवड्यांत पन्नासपट होणाऱ्या अंगात ती नसते. मग काही तंतू मरतात. शरीर ते दुरुस्त करू पाहते, पण दुरुस्ती संपण्याआधीच शेजारचे तंतू मरू लागतात. जिथे स्नायू भरून यायचा तिथे चरबी आणि चिवट संयोजी ऊती, म्हणजे व्रण भरताना तयार होते ती जाळी, येऊन बसतात.

छातीच्या मांसावर तंतूंच्या दिशेने चरबीच्या पांढऱ्या रेघा उमटतात, ही त्याची एक खूण. दुसरी अधिक गंभीर. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. छातीचा मोठा स्नायू फिका पडतो, फुगतो आणि हाताला लाकडासारखा लागतो. इंग्रजीत त्याला लाकडी छाती अशा अर्थाचेच नाव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मरणारे, सावरू पाहणारे आणि व्रणाने गिळलेले असे सगळे तंतू एकाच तुकड्यात शेजारी शेजारी दिसतात. तिसऱ्या प्रकारात याच्या उलट, मांसाला बांधून ठेवणारी जाळीच कमजोर पडते आणि बोटांनी ओढले तरी शेवयांसारखे धागे सुटतात. हे विकार मोठ्या वजनाच्या पक्ष्यांत अधिक आढळतात.

'दर्जा' या शब्दाचा खुलासा इथे होतो. व्रण भरलेल्या मांसात प्रथिन कमी, चरबी आणि चिवट धागे जास्त. ते पाणी धरून ठेवत नाही. मुरवणाचा मसाला नीट शोषत नाही, शिजवताना अधिक आटते आणि खाताना दाताखाली करकरते. खाणाऱ्याला त्यापासून अपाय होतो असे आढळलेले नाही, म्हणून ते फेकले जात नाही. आकाराने देखणा तुकडा म्हणून विकता येत नाही, तेव्हा त्याचा खिमा होतो आणि तो सॉसेज, नगेट, पॅटिस यांत जातो. ज्या छातीसाठी सत्तर वर्षे निवड केली, तीच छाती अखेर आकार लपवून विकावी लागते.

कोंबडीच एकटी नव्हे. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये डुकरांच्या मांसाबद्दल अशीच तक्रार सुरू झाली. काही मांस फिके, लिबलिबीत आणि पाणी सुटणारे निघे. जनावर मेल्यानंतर स्नायूतल्या साखरेचे आम्ल होणे स्वाभाविक आहे. पण या डुकरांत ते अंग गरम असतानाच, तासाभराच्या आत, इतक्या वेगाने होई की प्रथिनांची घडी मोडे आणि त्यांनी धरलेले पाणी ठिबकू लागे. हीच डुकरे जिवंतपणी वाहतुकीच्या धसक्याने मरत. टोरांटोतील डेव्हिड मॅक्लेनन यांच्या चमूने १९९१ साली त्यामागचा जनुकातला एका अक्षराचा बदल दाखवून दिला. स्नायूत कॅल्शियम सोडणारे जे दार असते, ते या बदलाने जास्तच सहज उघडते. मुद्राराक्षसाच्या चुका काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एका अक्षराचे हे सामर्थ्य चटकन कळावे. आणि हा बदल कळपांत पसरला तो तेच डुक्कर कमी चरबीचे, भरीव मांसाचे म्हणून निवडले गेल्यामुळे. बेल्जियमच्या निळ्या-पांढऱ्या दुहेरी स्नायूंच्या गाईंचे मांस तसे मऊ असते, तिथे किंमत दुसरीकडे चुकवली जाते: त्यांची बहुतेक वासरे पोट फाडून काढावी लागतात.

इथे कोणी म्हणेल की चिवटपणाचे एवढे काय, गावरान कोंबडीही चिवटच असते. ती असतेच. चुलीवर तास-दीड तास रटरटल्याशिवाय ती दाद देत नाही. पण त्या दोन चिवटपणांत मला मोठा फरक दिसतो. गावरान कोंबडी वर्ष-दीड वर्ष जगलेली असते. उकिरडे उकरून, कुंपणे ओलांडून, घुशी-मांजरांपासून पळून तिच्या मांसातले धागे पक्के झालेले असतात, आणि तेच धागे सावकाश विरघळून रश्शाला उतरतात. लाकडी छातीतला चिवटपणा सहा-सात आठवड्यांच्या अंगातल्या व्रणाचा आहे. आणि वयाबद्दल बोलायचे तर, उचलीच्या आदल्या दिवशी मी अण्णाच्या शेडमध्ये उभी होते. समोर दोन-दोन किलोचे पांढरेशुभ्र देह पसरले होते आणि शेडभर आवाज येत होता तो चिवचिवाटाचा. अंगाने कोंबड्या आणि कंठाने पिल्ले. मी अण्णाला ते म्हटले तेव्हा त्याला त्यात काही नवल वाटले नाही. "पिल्लंच हायत की," तो म्हणाला.

सकाळी वहिनी शेडमधून फेरी मारून रात्रीत मेलेले पक्षी गोळा करते. त्यांतले काही पाठीवर पडलेले, पाय वर झालेले असतात. धट्टाकट्टा पक्षी अचानक पंख फडफडवतो, उलथतो आणि संपतो. हा हृदयाचा विकार आहे, आणि तो मिळतो चांगल्या अंगाच्या, भराभर वाढणाऱ्या पक्ष्यांतच. हृदय हाही स्नायूच आहे, हे आपण कवितेत विसरलो तरी शरीर विसरत नाही. लाकडी छातीच्या पक्ष्यांबद्दलही असे दिसून आले आहे की ते पाठीवर पडले तर त्यांना स्वतःहून उठणे जड जाते. वहिनी असा एखादा जिवंत पक्षी दिसला तर हाताने सरळ करते आणि पुढे जाते. तिने हे कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

आपल्या साहित्यात जनावरे कमी नाहीत. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) मध्ये तर ती गड्याचे सगेसोयरेच आहेत, आणि ट्रॅक्टर आल्यावर त्याचा हा गोतावळा तुटतो. तिथे यंत्र येते आणि जनावर जाते. अण्णाच्या शेडमध्ये जे झाले ते यादवांच्या नारबाला कल्पनेतही आले नसते. इथे जनावर गेले नाही. त्याच्याच अंगात यंत्राचा वेग भरला गेला. गंमत अशी, की आमच्या भागात या कोंबडीला 'बॉयलर' म्हणतात. मूळ शब्द ब्रॉयलर, म्हणजे विस्तवावर भाजण्याजोगी. जिवंत असतानाच स्वयंपाकाच्या रीतीवरून नाव मिळालेली ही कोंबडी, आमच्या लोकांनी एक र गाळून थेट साखर कारखान्यात नेऊन बसवली. तिथे बॉयलर पेटला की गळीत हंगाम सुरू होतो आणि मग तो थांबवता येत नाही. अपभ्रंश कधी कधी मूळ शब्दापेक्षा खरे बोलतात.

वाचनात आलेला दुसरा शब्द डच आहे. नेदरलँड्समध्ये प्राणिहितासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने अशा कोंबडीला 'प्लोफकिप' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे फुटेपर्यंत फुगलेली कोंबडी. २०१२ साली ओन्झे ताल या भाषासंस्थेच्या वतीने तो वर्षाचा शब्द निवडला गेला. दुकानदारांना तो शब्द झोंबला. २०१३ साली तिथल्या उत्पादकांनी आणि सुपरमार्केटांनी मिळून किंचित सावकाश वाढणाऱ्या कोंबडीचा एक करार केला आणि त्याला नाव दिले 'किप फान मॉर्गेन'. याचे मराठी होते 'उद्याची कोंबडी'. १९४८ च्या स्पर्धेचेच नाव, फक्त दिशा उलटी! २०१५ साली तिथल्या स्पर्धा आयोगाने असा सामायिक करार स्पर्धेला बाधक ठरवला, पण सुपरमार्केटे पुढे आपापल्या परीने हळू वाढणाऱ्या जातींकडे वळत गेली. एका शब्दाने एवढे होऊ शकते, हे भाषेच्या शिक्षकाला सुखावणारे आहे. पण त्यात दडलेली अट विसरता येत नाही. सावकाश वाढलेली कोंबडी महाग पडते, आणि तो फरक कोणाला तरी द्यावा लागतो.

या सगळ्याचे रूपक करणे फार सोपे आहे. फुगलेली पुस्तके, फुगलेले निकाल, फुगलेली शहरे. तासाभरात एक परिसंवाद उभा राहील. मला तो मोह आवरावासा वाटतो. या कोंबडीचा प्रत्येक अवयव आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी कामी आलेला आहे. तिच्या दुखण्याने निदान काही काळ तरी तिचेच दुखणे राहावे.

अण्णाला मी जे सांगितले ते साधे होते. जात निवडणार कंपनी, खाद्य ठरवणार कंपनी, किती दिवस ठेवायचे तेही कंपनी. या तिन्हींतून जो विकार होतो तो बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. चाचपणारा हात जाणता असेल तर फार तर छातीचा कडकपणा लागतो. तो उघड होतो तो कापल्यावर, तुझ्या शेडपासून दूर, तू हजर नसताना. आणि त्याची कपात मात्र तुझ्या नावावर. तेव्हा सहीआधी दर्जाची व्याख्या लिहून घे, आणि स्नायूंच्या विकारांचा भार उत्पादकावर नाही एवढे एक वाक्य घालून घे. ते वाक्य मी त्याला स्वच्छ मराठीत लिहून दिले. आयुष्यात इतक्या काळजीपूर्वक मी क्वचितच एखादे वाक्य लिहिले असेल.

कंपनीच्या माणसाने ते वाचले आणि करारनामा छापील असतो, त्यात बदल होत नाही, असे सांगितले. अण्णाने सही केली नाही. पलीकडच्या गावात दुसऱ्या कुणी तरी ते शेड घातले, असे नंतर कळले. त्याच्या हिशेबाचे पुढे काय होईल ते त्याचे त्याला दिसेल. अण्णा जुन्याच शेडमध्ये दोन किलोचे पक्षी काढतो आहे.

मी त्याला हे समजावत होते त्या संध्याकाळी 'लाकडी छाती' हा माझा शब्द त्याला पटला नव्हता. लाकूड म्हणजे तयार झालेली वस्तू, तो म्हणाला. त्याचं दार होतं, नांगर होतो. बांधावरच्या एका उभ्या वाळलेल्या बाभळीकडे त्याने बोट केले. "वठलेली म्हण," तो म्हणाला. "आतनं वठलेली." मग उठून तो पाण्याच्या टाकीचा कॉक सोडायला गेला, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे नवी पिल्ले यायची होती.